आप्पांना विचारलंत का?

बीड जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 43, शेती करतात, जोडीला कृषी सेवा केंद्रात नोकरी. वडील 71 वर्षांचे, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आप्पांना धाप लागायला लागली, उजव्या बरगडीखाली ठणका सुरू झाला. तालुक्याला छातीचा फोटो काढला तर फुफ्फुसाला पाणी. दीड लिटर पाणी काढून टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स दिला. कोर्स संपला आणि पाणी पुन्हा झालं. मग लातूरला दुर्बिणीतून तुकडा काढला. रिपोर्ट आला: मॅलिग्नंट प्लुरल मेसोथेलिओमा, एपिथेलिऑइड टाइप, म्हणजे फुफ्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर. आप्पांना यातलं काही सांगितलेलं नाही, 'जुना टीबी उलटलाय' एवढंच त्यांना माहीत आहे. एका मोठ्या शहरातल्या खाजगी रुग्णालयानं फुफ्फुसावरचं आवरण काढायचं मोठं ऑपरेशन सुचवलंय, खर्च 11 लाख. घरी चार एकर आहे, त्यातली दोन विकायला काढायची का, हा प्रश्न. गिऱ्हाईक तयार आहे. थोरले चुलते म्हणतात, बापासाठी जमीन विकली नाहीस तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दाजी म्हणतात, या वयात पैसा पाण्यात घालू नका. बहीण म्हणते, आजाराचं नाव कळलं तर आप्पा त्याच दिवशी खचतील. शिवाय दोन गोष्टी वाचकाला झोपू देत नाहीत. विड्या सोडा म्हणून ते आयुष्यभर आप्पांशी भांडले, तेच शेवटी भोवलं का? आणि घरावर वीस वर्षांपासून सिमेंटचे पत्रे आहेत, त्यानं हे झालं असेल तर लेकरांचं काय? पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ आहे: 'आप्पा बहात्तरच्या दुष्काळानंतर दहा-अकरा वर्षं मुंबईला होते, बॉयलरच्या पाइपांना काहीतरी गुंडाळायचं काम करायचे. त्याच पैशातून ही दोन एकर घेतलेली.'

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तळापासून सुरुवात केली. तुमच्या चारही प्रश्नांची दोरी त्या शेवटच्या ओळीला बांधलेली आहे, आणि ती ओळ तुम्ही सहज लिहून गेलात.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. केसपेपर, योजनेचे फॉर्म, धर्मशाळेची चिठ्ठी आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलेले नातेवाईक, हे माझं खातं. औषध कोणतं आणि किती हे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण या आजारात घरच्यांनी ठरवायच्या गोष्टी पुष्कळ असतात, आणि त्या ठरवताना माणसं कुठे अडकतात हे मी बरंच पाहिलंय.

शेंगदाण्यावर तांबूस पातळ साल असते ना, तसं फुफ्फुसावर एक आवरण असतं. त्याला प्लुरा म्हणतात. त्याचा एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला आणि दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूला. मधे जेमतेम ओल, श्वास घेताना दोन्ही पदर एकमेकांवरून घसरावेत इतकीच. आप्पांचा आजार या सालीचा आहे, दाण्याचा नाही. म्हणून त्याला 'फुफ्फुसाचा कॅन्सर' म्हणणं बरोबर नाही. साल जाड होत जाते, मधल्या जागेत पाणी साठतं, फुफ्फुसाला फुगायला जागा उरत नाही आणि धाप लागते. आजार दुर्मिळ आहे. तालुक्याच्या डॉक्टरला अख्ख्या आयुष्यात एकही रुग्ण दिसला नाही तरी नवल नाही.

आता ती शेवटची ओळ. बॉयलरच्या आणि वाफेच्या पाइपांना उष्णता धरून ठेवायला जे गुंडाळायचे, त्या कामाला लॅगिंग म्हणतात. त्या काळात त्यासाठी जगभर ॲस्बेस्टॉस वापरायचे. हा खाणीतून निघणारा दगडच, पण कापसासारखे धागे सुटणारा. त्याची दोरी वळायची, कापड विणायचं, भुकटी पाण्यात कालवून पाइपांवर थापायची, सुकली की घासून गुळगुळीत करायची. हे धागे इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत गेले की काही धागे त्या सालीपर्यंत पोचतात आणि तिथेच राहतात. मेसोथेलिओमाचं सगळ्यात मोठं ज्ञात कारण हेच. 1960 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी तिथल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातल्या 33 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा संबंध जगाला माहीत आहे. धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण 20 ते 50 वर्षं जातात. आप्पा 1973 च्या आसपास कामाला लागले असतील तर हिशेब करून पाहा.

यातून तुमचा एक प्रश्न लगेच सुटतो. बिडीचा मेसोथेलिओमाशी संबंध नाही. बिडीनं फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, दमा वाढतो, हृदय बिघडतं, ते सगळं खरंच आहे. पण हा आजार बिडीचा नव्हे. आप्पांच्या मनात 'मीच ओढवून घेतलं' असं असणार, आणि ते तुमच्या वर्षानुवर्षांच्या बोलण्यातूनच आलेलं असणार. तेवढं एक ओझं तुम्ही स्वतःच्या तोंडानं उतरवा. धापेसाठी बिडी बंद केलेली बरी, ते डॉक्टर सांगतीलच. तुमच्याकडून आता ते नको.

टीबीच्या कोर्सबद्दल तुम्ही फार चिडून लिहिलंय. सहा महिने वाया घालवले, डॉक्टरवर केस करू का, असंही विचारलंय. आपल्याकडे छातीत पाणी झालं की पहिला संशय टीबीचाच यावा इतका टीबी आहे. पाण्याच्या तपासणीत दोन्ही आजार बरेचसे सारखे दिसू शकतात आणि मेसोथेलिओमाच्या पेशी पाण्यात कितीदा तरी सापडतच नाहीत. म्हणून पहिला अंदाज मी चूक म्हणणार नाही. चूक झाली ती पुढे. कोर्स चालू असताना उतार पडत नाही, हे दोन-तीन महिन्यांत दिसलं असणार, तेव्हाच तुकडा काढायला पाठवायला हवं होतं. आणि अजून एक गोष्ट कुणीच केली नाही, त्यात तुम्हीही आलात. 'आजोबा, तरुणपणी काय काम करत होता?' हा प्रश्न कुणी विचारला नाही. केसपेपरवर 'व्यवसाय: शेती' असं लिहिलं गेलं आणि मुंबईची अकरा वर्षं त्या दोन शब्दांखाली गेली.

आता लपवण्याचं बोलू. तुमच्या बहिणीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की माणूस गेल्यातच जमा धरतात. पण तुम्ही हे लपवणार कसं? संभाजीनगरला आमखास मैदानाजवळच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला जायचं तर स्टँडवर रिक्षावालाच विचारतो, 'कॅन्सर हॉस्पिटलला का, दादा?' आप्पा सातवी शिकलेले, पाट्या वाचता येतात. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरची बाई अर्ध्या तासात तिची सगळी कहाणी सांगून मोकळी होते आणि मग विचारते, 'तुमचा कुठला?' आमच्या वॉर्डात असे कितीतरी आप्पा मी पाहिले. मुलं मला बाजूला घेऊन सांगायची, मॅडम, वडिलांना काही माहीत नाही हं. आणि मी एकटी सापडले की तेच वडील हळूच म्हणायचे, बाई, पोरांना सांगू नका मला कळलंय म्हणून, कोलमडतील. एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसून बाप-लेक एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतायत, आणि शेवटचे दिवस त्यातच संपतायत.

तुमच्या घरात तर अजून एक अडचण आहे. डॉक्टरांना कामाचा इतिहास हवा: कोणत्या साली, कुठे, कोणतं काम, किती वर्षं. भरपाईचं काही करायचं असेल तर ठेकेदाराचं नाव हवं, सोबतचे साक्षीदार हवेत. हे सगळं जगात एकाच माणसाला माहीत आहे. त्याच्यापासून आजाराचं नाव लपवून तुम्ही त्याला या गोष्टी कशा विचारणार?

सांगायचं म्हणजे रिपोर्ट हातात देऊन मोकळं व्हायचं, असं नाही. घरात गर्दी नसेल अशी वेळ बघा. चुलते-दाजी नकोत, बैठक भरवल्यासारखं नको. आप्पांना झोपून धाप लागते, भिंतीला वाकळ लावून बसूनच झोपतात, असं तुम्ही लिहिलंय. तशाच एखाद्या रात्री शेजारी बसा आणि विचारा, 'आप्पा, रिपोर्टात काय आलंय ते सगळं सांगू, का थोडं सांगू?' किती ऐकायचं ते त्यांना ठरवू द्या. 'तुम्ही बघा काय ते, मला नका सांगू' म्हणाले तर तोही त्यांचा निर्णय. मग त्यांच्या वतीनं ठरवायची परवानगी तुम्हाला त्यांनीच दिली, चोरून घ्यावी लागली नाही. पण मला वाटतं ते विचारतील. दुष्काळात अठराव्या वर्षी खडी फोडली, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाल्ली, आणि एकट्यानं मुंबई गाठली तो माणूस एका शब्दानं त्याच दिवशी खचेल, हे गृहीत तुम्ही लोकांनी धरलंय. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

सांगताना खोटी आशा देऊ नका, आणि 'आता काही उरलं नाही' असंही म्हणू नका. हा आजार मुळापासून बरा होत नाही. पण तो ताब्यात ठेवायला, धाप कमी करायला, दुखणं थांबवायला करण्यासारखं पुष्कळ आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका वाक्यात सांगता येतं.

जमिनीकडे येते. तुमच्या चुलत्यांचं म्हणणं मला नवीन नाही. मराठवाड्यात बापाच्या आजारपणात किती विकलं यावर लेकराची माया मोजायची रीत आहे. तेराव्याला पंगतीत लोक बोलतात, 'पोरानं काही कमी केलं नाही, दोन एकर घातले.' ऑपरेशनचा उपयोग होता का, हे त्या पंगतीत कुणी विचारत नाही. दाजींचा हिशेबही मला तितकाच खटकतो. 'या वयात' म्हणजे काय? 71 वर्षांच्या माणसाला धाप लागत नाही का?

ऑपरेशनबद्दल एक गोष्ट तुम्ही त्या रुग्णालयात सरळ विचारा. इंग्लंडमध्ये या आजाराच्या 335 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, 2024 साली प्रसिद्ध झाली. ऑपरेशन झेपेल अशाच रुग्णांचे दोन गट केले. एकाला केमो आणि आवरण काढायचं मोठं ऑपरेशन, दुसऱ्याला फक्त केमो. ऑपरेशनच्या गटातले निम्मे रुग्ण सुमारे 19 महिन्यांपुढे जगले, बिनऑपरेशनच्या गटातले निम्मे सुमारे 25 महिन्यांपुढे. गंभीर त्रासही ऑपरेशनवाल्यांनाच जास्त झाला. हे महिने आप्पांना लावू नका, प्रत्येकाचं वय, आजाराची पायरी, प्रकार वेगळा. आणि एखाद्या निवडक रुग्णासाठी सर्जन अजूनही ऑपरेशन सुचवतात. पण 11 लाखांचा आकडा सांगणाऱ्यांनी 'ही चाचणी माहीत असून आम्ही ऑपरेशन का सुचवतोय' हे तुम्हाला समजेल अशा मराठीत सांगायला हवं. ते टाळाटाळ करू लागले तर त्यातच तुमचं उत्तर आलं.

त्याआधी दुसरं मत घ्या, आणि ते अशा ठिकाणी घ्या जिथे हा आजार पाहिलेले लोक आहेत. परळचं टाटा मेमोरियल तुम्हाला माहीत आहेच. जवळ बघायचं तर बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. जाताना नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. लातूरच्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा मेणाचा ठोकळा, प्लास्टिकच्या जाळीदार पट्टीवर बसवलेला. मधे तांदळाच्या कणीएवढा करडा ठिपका दिसतो, तोच आप्पांचा तुकडा. लॅबवाले कुरकुर करतात, पण तो तुमचा आहे, सही घेऊन देतात. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. त्या ठिपक्यावर पुन्हा तपासण्या होतात, कारण हा आजार ओळखायला अवघड आहे. फुफ्फुसाचा नेहमीचा कॅन्सर आवरणावर पसरला तरी असाच दिसू शकतो. सायनोव्हियल सारकोमा नावाचा मऊ ऊतींचा एक कॅन्सर क्वचित याच आवरणात होतो, तो बहुतेक तरुणांना. प्रत्येकाचं औषध वेगळं. मेसोथेलिओमातही तीन प्रकार, त्यातला एपिथेलिऑइड हा त्यातल्या त्यात सौम्य चालीचा. रिपोर्टातली ती एक ओळ तुमच्या बाजूची आहे.

केमोत साधारणपणे पेमेट्रेक्सेड आणि सोबत सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन देतात. पेमेट्रेक्सेड सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी रोज आणि बी-12 चं इंजेक्शन लागतं. गोळी अगदी स्वस्त, म्हणून घरात तिला कुणी मोजत नाही आणि चुकते. ती चुकली की तोंड येणं, रक्तातल्या पेशी कमी होणं वाढतं. सुनेकडे किंवा नातवाकडे ते काम द्या. इम्युनोथेरपीही आहे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, 2020 पासून या आजारात वापरतात, पण तिचा खर्च लाखांत जातो आणि एपिथेलिऑइड प्रकारात केमोच्या तुलनेत तिचा फायदा इतर प्रकारांइतका मोठा दिसलेला नाही. डॉक्टरांना विचारा, पण तिच्यासाठी सात-बारा घेऊन धावू नका.

आणि पाणी. सारखं सुईनं पाणी काढायला तालुक्याला जाणं हा आप्पांचा निम्मा त्रास असेल. पाणी पूर्ण काढून मधल्या जागेत टाल्कची पावडर सोडतात, त्यानं दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि पाणी साठायला जागाच उरत नाही. ते जमत नसेल तर बारीक नळी ठेवतात, घरीच दोन दिवसांनी पाणी बाटलीत घेता येतं. ठणक्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या असतात. मॉर्फिन म्हटलं की नातेवाईक दचकतात, व्यसन लागेल म्हणतात. दुखणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी मोजून दिलेलं मॉर्फिन हे व्यसन नव्हे, आणि त्यानं धापही हलकी होते. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्हचा, म्हणजे दुखणं आणि त्रास हलका करणारा विभाग आहे का, हे आजच विचारून ठेवा. आम्ही त्याला शेवटच्या आठवड्यातलं खातं समजतो, तिथे खरं तर पहिल्या महिन्यात जायचं असतं.

पैशाचं सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कॅन्सरचे उपचार त्यात येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या टेबलाशी जा, मग बिलाच्या खिडकीशी. आधी पैसे भरायचे आणि मागाहून योजनेतून परत घ्यायचे, असं यात होत नाही, मंजुरी आधी लागते. आमच्याकडे निम्मी माणसं इथेच फसायची. मुंबईला जाणार असाल तर रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत भाडं माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. लातूरहून रात्रीची गाडी आहे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती. जागा मिळायला रांग असते, म्हणून पोचल्या दिवशीच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन चिठ्ठी घ्या.

हे सगळं धरून हिशेब मांडा. मला वाटतं दोन एकर विकायची वेळ येणार नाही. आली, तरी ती विकायची का हे तुम्ही, चुलते किंवा दाजी ठरवू शकत नाही. ही जमीन काही नुसती वडिलोपार्जित नाही. ज्या धुळीनं आज आप्पांची छाती भरलीय त्या धुळीच्या मजुरीतून ती आलेली आहे. ती पुन्हा त्याच छातीवर घालायची, की नातवाच्या नावावर राहू द्यायची, हे बोलायचा पहिला मान त्यांचा. गिऱ्हाइकाला आठ दिवस थांबवा.

भरपाईबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत नावानिशी होता; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. जानेवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बाजूनं निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सोडल्यापासून 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवा, असं त्यात आहे. ऐकायला छान. 1973 मध्ये 40 मिळवा: आप्पांची मुदत 2013 लाच संपली, आजार आला त्यानंतर अकरा वर्षांनी. शिवाय ते ठेकेदाराकडे, हजेरीवर. हजेरीपट कुठे असणार? म्हणून पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही, आणि वकिलाला देण्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला फुकट मिळतो, तिथे एकदा जाऊन या. पण ते दूर राहू द्या, केसपेपरवर डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या: 'ॲस्बेस्टॉस लॅगिंगचं काम, मुंबई, अमुक साल ते अमुक साल.' ती ओळ कागदावर असली पाहिजे.

घरच्या पत्र्यांची भीती थोडी कमी करा. सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं हे खरं, आणि साठाहून अधिक देशांनी बंद केलेला हा माल आपल्याकडे अजून आयात होतो, याची मला चीड आहे. पण सिमेंटमध्ये घट्ट बसलेले धागे, पत्रा नुसता छतावर असताना, फारसे सुटत नाहीत. तो कापला, भोक पाडलं, घासला, फोडला की सुटतात. म्हणून पत्र्यावर ग्राइंडर चालवू नका, गारपिटीनं फुटले तर तुकडे पाणी मारून ओले करून उचला, झाडू मारून धूळ उडवू नका. फुटके तुकडे अंगणात भरावाला घालायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. पुढेमागे घर बांधाल तेव्हा दुसरं छत घाला. आज पत्रे उतरवायला माणसं चढवलीत तर असलेला धोका उलट वाढेल.

पत्र्यांपेक्षा मला तुमच्या आईची आठवण झाली. 1980 नंतरची चार वर्षं त्या मुंबईला आप्पांसोबत होत्या, तुमचा जन्मही तिथलाच, असं लिहिलंय. कामावरून आलेले कपडे त्याच झटकून धूत असणार. अशा बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. शक्यता थोडी, आणि घाबरून दरवर्षी सीटी स्कॅन काढण्यात अर्थ नाही. पण त्यांना किंवा तुम्हाला कधी न जाणारी धाप लागली, छातीत पाणी झालं, तर डॉक्टरनं विचारायची वाट न बघता ही गोष्ट स्वतःहून सांगा.

आता त्या रात्रीच्या बोलण्याकडे परत येते, कारण त्यात अजून एक प्रश्न विचारायचा राहिलाय. मुंबईला त्या काळात आपली माणसं एकेकटी राहत नव्हती. एका खोलीत दहा-बारा जण, बहुतेक एकाच पट्ट्यातले, एकानं दुसऱ्याला कामाला लावलेलं. आप्पांना विचारा, खोलीत कोण कोण होतं? पाइपांवर सोबत कोण चढायचं? केजचा कोण, धारूरचा कोण, कळंबचा कोण? म्हातारी माणसं कालचं विसरतात, पण ही नावं विसरत नाहीत. नातवाला वही घेऊन बसवा आणि लिहून काढा. ती यादी तुमच्या डॉक्टरांना आणि विधी सेवेच्या वकिलाला लागेलच. त्यातले जे हयात आहेत त्यांच्या घरी मात्र तुम्ही स्वतः फोन करा. त्यातलं कुणीतरी आज छातीत पाणी झालं म्हणून टीबीचा कोर्स खात बसलेलं असू शकतं, आणि केसपेपरवर 'व्यवसाय: शेती' एवढंच लिहिलेलं असेल.